आल्या वाटेने परत: नेटवर्क स्विचमधल्या एका नियमाचा इतिहास

संगणकांच्या जाळ्यात स्विच नावाची जी पेटी असते, तिचे काम वरवर पाहता सोपे आहे. एका पोर्टमधून डेटाची फ्रेम आत येते, तिच्यावरचा पत्ता स्विच वाचतो आणि तो पत्ता ज्या पोर्टच्या बाजूला असेल तिकडे फ्रेम सोडून देतो. या कामाला एक बंधन आहे. फ्रेम ज्या पोर्टमधून आली, त्याच पोर्टमधून ती परत बाहेर जाता कामा नये. वर्गात हे बंधन स्विचच्या व्याख्येचाच भाग असल्यासारखे शिकवले जाते. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनाही पाठवलेली फ्रेम उलट आलेली दिसली, की कुठेतरी बिघाड झाला असे वाटते. तरीही २०१२ साली याच बंधनाला खुद्द मानकाने सूट दिली, आणि आज अनेक सर्व्हरांमध्ये फ्रेम आल्या पोर्टने राजरोस परत पाठवल्या जातात. हे कसे घडले? माझे म्हणणे असे आहे की हा नियम मुळात दोन वेगळ्या कारणांसाठी जन्माला आला. त्यांतले एक कारण विशिष्ट केबलशी बांधलेले होते आणि त्या केबलबरोबर ते संपले. दुसरे कारण आजही तितकेच खरे आहे. नियम सांगताना ही दोन कारणे एकात मिसळली गेली. त्यामुळे तो कुठे मोडता येतो आणि कुठे मोडू नये, हे कळायला त्याचा इतिहासच तपासावा लागतो.

नियमाचे मूळ शोधायचे तर १९७० च्या दशकातल्या एका केबलपाशी जावे लागते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात इथरनेट ही कल्पना मांडली गेली. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओ जाळ्यापासून त्यांनी एक तत्त्व घेतले होते. माध्यम सर्वांचे एकच असावे, ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० मेगाबिट वेगाचा तपशील जाहीर केला, तेव्हाही पाया हाच राहिला. जाड कोअ‍ॅक्शियल केबलचा एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटरचा असे आणि त्यावर जास्तीत जास्त १०० यंत्रे जोडता येत. एका यंत्राने फ्रेम सोडली की तिचा विद्युतसंकेत केबलच्या दोन्ही टोकांकडे धावे आणि वाटेतले प्रत्येक यंत्र तो ऐके. ज्याचा पत्ता फ्रेमवर असेल ते यंत्र ती ठेवून घेई, बाकीची सोडून देत. अशा जाळ्यात फ्रेम पोहोचवणाऱ्या मध्यस्थाची गरजच नव्हती. ती केबलवर आली म्हणजे सर्वांपर्यंत पोहोचलीच.

कार्यालये वाढली तशी ५०० मीटरची आणि १०० यंत्रांची मर्यादा अपुरी पडू लागली. संकेताला बळ देऊन पुढच्या तुकड्यावर टाकणारे रिपीटर होते, पण ते एका बाजूची सारी वर्दळ दुसऱ्या बाजूवर जशीच्या तशी ओतत. त्यामुळे यंत्रे वाढली की टक्करीही वाढत. यावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये मार्क केम्फ यांनी वेगळा उपाय काढला. त्याचे पेटंट त्यांना १९८६ साली मिळाले आणि त्याच सुमाराचे ‘लॅनब्रिज १००’ हे यंत्र या कल्पनेवर उभे होते. ब्रिज हा दोन केबलींच्या मध्ये बसतो आणि दोन्हीकडची प्रत्येक फ्रेम ऐकतो. फ्रेम पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून ते यंत्र कोणत्या बाजूला आहे, याची नोंद तो आपल्या तक्त्यात करतो. पुढे त्या पत्त्यासाठी फ्रेम आली की तक्ता पाहून निर्णय घेतो. घेणारा पलीकडच्या बाजूला असेल तर फ्रेम पलीकडे टाकायची. तो कुठे आहे हे माहीत नसेल, तर ती जिथून आली ती बाजू सोडून बाकी सगळीकडे टाकायची. आणि पाठवणारा व घेणारा एकाच बाजूला असतील तर गप्प बसायचे. आपला नियम हा तिसरा निर्णय आहे, आणि त्यामागचा तर्क स्वच्छ आहे. त्याच केबलवरच्या यंत्राने ती फ्रेम आधीच ऐकलेली असते. ब्रिजने ती पुन्हा त्याच केबलवर टाकली तर घेणाऱ्याला एकाच फ्रेमच्या दोन प्रती मिळतील आणि सामाईक केबलचा वेळ वाया जाईल. परत न पाठवण्याचे पहिले कारण इतकेच होते: तिची गरज नव्हती. हे कारण केबल सामाईक आहे या एका गृहीतावर उभे होते, हे इथेच लक्षात ठेवायला हवे.

दुसरे कारण याहून गंभीर होते आणि त्याचा संबंध फ्रेमच्या रचनेशी होता. इंटरनेटच्या पाकिटावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्यावर आला की पाकीट टाकून देतो. त्यामुळे वाट चुकलेले पाकीट कधीतरी मरतेच. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडा नाही, कारण एकाच केबलवर धावणाऱ्या फ्रेमला वाट चुकण्याची सोयच नव्हती. ब्रिज आल्यावर ती सोय झाली. दोन केबलींना जोडणारे दोन ब्रिज कोणी बसवले, की सर्वांना उद्देशून पाठवलेली एकच फ्रेम एकातून पलीकडे जाते, दुसऱ्यातून परत येते आणि फिरतच राहते. १० मेगाबिटच्या केबलवर सर्वांत लहान, ६४ बाइटची फ्रेम सेकंदाला सुमारे १४,८८० वेळा जाऊ शकते. म्हणजे फिरणाऱ्या मोजक्या फ्रेमही क्षणार्धात सगळी केबल व्यापून टाकतात. यावर डिजिटलमधल्याच रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेली स्पॅनिंग ट्री पद्धत हा इतिहासातला मोठा टप्पा ठरला. ब्रिज एकमेकांशी निरोपांची देवाणघेवाण करतात, आपल्यातला एक मूळ म्हणून निवडतात आणि फेरा तयार करणाऱ्या वाटा स्वतःच बंद ठेवतात. १९९० साली मानके ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेने ८०२.१डी हे ब्रिजचे मानक प्रसिद्ध केले, त्यात ही पद्धत होती, आणि आल्या पोर्टने फ्रेम परत न सोडण्याचा नियमही होता. अशा प्रकारे ‘गरज नाही’ आणि ‘धोका आहे’ ही दोन स्वतंत्र कारणे एकाच आज्ञेत बांधली गेली. आज्ञा पुढच्या पिढीला मिळाली, कारणांची फोड मात्र मागे राहिली.

परत पाठवणे हेच मुळात चूक आहे असे त्या काळातले सगळेच तंत्रज्ञ मानत नव्हते, याला भरपूर पुरावा आहे. शेजारच्याच थरावर काम करणारा राउटर आल्या वाटेने पाकीट परत पाठवू शकत असे. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ या दस्तऐवजात तर त्यासाठी खास निरोप ठरवलेला आहे. पाकीट ज्या जाळ्यातून आले त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या राउटरकडे ते पाठवावे लागणार असेल, तर राउटरने ते पाठवावे आणि पाठवणाऱ्याला ‘यापुढे सरळ तिकडेच पाठव’ असे कळवावे. राउटरला हे परवडत होते, कारण पाकिटावर आयुष्याचा आकडा होता. धोक्याचे कारण नाहीसे झाले की परत पाठवण्यावरची बंदीही उरत नाही, हे यातून दिसते. चाचणीच्या क्षेत्रात तर परतीचा प्रवास हेच साधन होते. एकोणिसाव्या शतकातले तारयंत्राचे तंत्रज्ञ केबलमधला दोष शोधण्यासाठी दूरच्या टोकाला सदोष तार चांगल्या तारेला जोडत आणि तयार झालेल्या फेऱ्याचा विद्युतरोध मोजून दोषाचे अंतर काढत. मरे आणि व्हार्ली यांच्या नावाच्या चाचण्या याच आहेत. टेलिफोन खात्यांनी हीच कल्पना पुढे डिजिटल वाहिन्यांवर वापरली. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतले माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम आजही जगभर वापरला जातो. त्याचे सारे काम पाठवलेले पाकीट परत मागवणे हेच आहे.

मात्र चाचणीची परंपरा आणि फ्रेम पुढे नेण्याची परंपरा एकमेकींना भेटल्या तिथे गोंधळही झाला, आणि तो गोंधळ बरेच शिकवतो. पलीकडचे टोक फ्रेम जशीच्या तशी उलट पाठवू लागले तर तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मूळचाच राहतो. मधल्या स्विचला मग तोच पत्ता विरुद्ध दिशेने येताना दिसतो आणि तो तक्त्यात नोंद बदलतो. पुढची फ्रेम उलट दिशेने आली की नोंद पुन्हा बदलते. यंत्र जागेवरच असते, पण तक्त्यात ते इकडून तिकडे उड्या मारत राहते आणि त्याच्यासाठी आलेला डेटा भलतीकडे जातो. म्हणूनच चाचणी यंत्रे परत पाठवताना पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यांची अदलाबदल करतात. म्हणूनच २००४ च्या आयईईई ८०२.३एएच या मानकात दूरच्या टोकाला परतीच्या अवस्थेत नेण्यापूर्वी दोन्ही टोकांनी आपापली क्षमता एकमेकांना कळवण्याची तरतूद आहे. अशा चाचणीच्या काळात त्या जोडणीवरची नेहमीची वाहतूक थांबलेली असते. काही स्विच तर ठरावीक वेळाने स्वतःच्याच पत्त्यावर एक फ्रेम सोडतात, आणि ती उलट आली तर फेरा झाला असे समजून तो पोर्ट बंद करतात. परतीची फ्रेम म्हणजे दोष ही समजूत इथे यंत्रातच बसवलेली आहे. जिथे कोणी परतीची व्यवस्था केलेलीच नाही, तिथे ती समजूत योग्यही आहे.

सामाईक केबलचा अंत १९९० नंतर झपाट्याने झाला. १९९० सालीच पिळलेल्या तारांवर चालणारे इथरनेट मानकात आले आणि प्रत्येक यंत्राची तार मध्यवर्ती पेटीपर्यंत स्वतंत्र येऊ लागली. त्याच वर्षी विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. या पेटीचा आतला तर्क ब्रिजचाच होता. फरक एवढा की आधी एका पोर्टमागे आख्खी केबल असे, आता हळूहळू एका पोर्टमागे एकच यंत्र उरले. १९९७ साली एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्याची सोय मानकात आली आणि टक्करीचा प्रश्नही मिटला. आता पहिल्या कारणाचे काय झाले ते पाहा. पोर्टमागे एकच यंत्र असेल, तर त्याच पोर्टच्या दुसऱ्या कोणासाठी फ्रेम येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘शेजाऱ्याने आधीच ऐकले आहे’ हे गृहीत राहिले नव्हते, पण शेजारीच नसल्यामुळे त्याची उणीव कोणाला जाणवली नाही. नियम पाळण्याने काही बिघडत नव्हते, म्हणून तो तपासण्याची वेळही कोणावर आली नाही. तंत्रज्ञानातले अनेक संकेत असेच रूढ होतात: त्यांचे कारण गळून पडते, पण त्यांच्यामुळे कोणाचे अडत नाही तोवर ते चालू राहतात.

अडू लागले ते पहिल्यांदा तारेविना चालणाऱ्या जाळ्यात. १९९७ च्या आयईईई ८०२.११ मानकात, म्हणजे आपल्या ओळखीच्या वाय-फायमध्ये, अनेक लॅपटॉप एकाच रेडिओवरून मध्यवर्ती केंद्राशी जोडलेले असतात. ते एकमेकांना थेट ऐकू शकतीलच याची खात्री नसते. एक भिंतीच्या या बाजूला असतो, दुसरा त्या बाजूला. म्हणून केंद्र एकाकडून घेतलेली फ्रेम त्याच रेडिओवरून दुसऱ्याला परत सोडते. यासाठी वाय-फायच्या फ्रेममध्ये पत्त्यांच्या जागा वाढवल्या आहेत आणि फ्रेम केंद्राकडे चालली आहे की केंद्राकडून येते आहे, हे सांगणाऱ्या खुणा ठेवल्या आहेत. स्वतःच सर्वांना पाठवलेली फ्रेम केंद्राकडून उलट आली, तर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून ती टाकून द्यावी, हेही ठरले आहे. ‘शेजाऱ्याने ऐकले आहे’ हे गृहीत जिथे खोटे होते, तिथे मानक लिहिणाऱ्यांनी नियम बाजूला ठेवला आणि त्याची भरपाई फ्रेमच्या रचनेत केली. घराघरांत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी जवळपास त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न हाताळला. एकाच गल्लीतल्या दोन ग्राहकांनी एकमेकांशी परस्पर बोलू नये, त्यांची वाहतूक वरच्या राउटरपर्यंत जाऊन तपासली जावी आणि मगच खाली यावी, असे त्यांना हवे होते. २००६ च्या आरएफसी ४५६२ मध्ये यासाठीची एक पद्धत वर्णिली आहे. इथे परत फिरवण्याचे काम राउटर करतो, पण इच्छा तीच आहे: शेजाऱ्याशी बोलायचे, तेही वरून फिरून.

खरी कसोटी आभासी यंत्रांनी लावली. २००० नंतरच्या दशकात एका सर्व्हरवर दहा-वीस आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालवणे सर्रास झाले. ती सगळी एकाच नेटवर्क कार्डमागे, म्हणजे स्विचच्या एकाच पोर्टमागे राहू लागली. सामाईक केबल गेली तेव्हा पोर्टमागचा शेजार संपला होता. आता तो परत आला, पण जुन्या केबलशिवाय. ही यंत्रे एकमेकांच्या फ्रेम आपोआप ऐकत नाहीत. त्यांच्यामध्ये कोणीतरी फ्रेम पोहोचवायलाच हवी. सुरुवातीला ते काम सर्व्हरच्या आतच चालणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचने केले. त्यात एक अडचण होती. बाहेरच्या स्विचवर नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी नियम, मोजणी आणि पहारा बसवलेला असे. आतल्या आत झालेली वाहतूक त्या पहाऱ्याला दिसतच नसे. शिवाय आतला स्विच सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ताब्यात आणि बाहेरचा नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या ताब्यात, म्हणून जबाबदारीही दुभंगली. यावर ह्यूलेट-पॅकार्डने पुढाकार घेऊन मांडलेला उपाय असा: आभासी यंत्राची प्रत्येक फ्रेम बाहेरच्या स्विचकडे पाठवावी, आणि ती त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या यंत्रासाठी असेल तर स्विचने ती आल्या पोर्टनेच परत पाठवावी. एकाच गावातल्या दोघांचे पत्र तालुक्याच्या टपाल कार्यालयात जाऊन शिक्का घेऊन पुन्हा गावात यावे, तशी ही व्यवस्था आहे. याला मोठी अडचण एकच होती, आणि ती म्हणजे १९९० च्या मानकातला तो नियम.

२०१२ साली मंजूर झालेल्या आयईईई ८०२.१क्यूबीजी या दुरुस्तीने ती अडचण दूर केली. तिने नियम कसा शिथिल केला ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या प्रतिपादनाचा सर्वांत भक्कम पुरावा तिथेच आहे. परत पाठवण्याची मुभा सरसकट दिलेली नाही. ती एकेका पोर्टपुरती आहे आणि मुळात बंद असते. सर्व्हरने शेजाऱ्यांना ओळख देणाऱ्या प्रोटोकॉलमधून तशी मागणी केली आणि स्विचने ती मान्य केली, तरच ती चालू होते. सर्व्हरच्या बाजूलाही एक अट आहे. तिथला घटक बाहेरून आलेली फ्रेम फक्त आतल्या यंत्रांना देतो, पुन्हा बाहेर सोडत नाही. या अटी नसत्या तर काय झाले असते याचा विचार केला की त्यांचे महत्त्व कळते. समोरासमोर जोडलेले दोन स्विच दोघेही आल्या पोर्टने परत पाठवू लागले, तर सर्वांना उद्देशून सोडलेली एकच फ्रेम त्यांच्यात कायम उसळत राहील. म्हणजे गरजेशी जोडलेले पहिले कारण मानकाने सोडून दिले, पण धोक्याशी जोडलेले दुसरे कारण जपले आणि त्यासाठी नवी भिंत बांधली. ज्यांनी ही दुरुस्ती लिहिली त्यांनी नियमाची दोन कारणे पुन्हा वेगळी केली, असे म्हणायला हरकत नाही.

मानक पूर्ण होण्याआधीच लिनक्समध्ये हे काम झाले होते. डिसेंबर २००९ च्या २.६.३२ या आवृत्तीत लिनक्सच्या ब्रिजला ‘हेअरपिन’ नावाची सोय मिळाली. फ्रेम पुढे द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या ओळीत आधी अट होती की आलेला आणि जाणारा पोर्ट वेगळा असावा. आता तिला पर्याय जोडला गेला: किंवा त्या पोर्टवर हेअरपिन चालू असावे. इतक्या छोट्या बदलाचे परिणाम मात्र दूरवर गेले. सर्वांना पाठवलेली फ्रेम आता पाठवणाऱ्याकडेही उलट येते, म्हणून सर्व्हरच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून ती गाळावी लागते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर वेगळीच अडचण दिसली. यंत्र नवा पत्ता घेण्याआधी ‘हा पत्ता कोणी वापरते का’ असे जाळ्यात विचारते. तोच प्रश्न उलट आला की त्याला वाटते, दुसरेच कोणीतरी हा पत्ता मागते आहे, आणि ते आपला हक्क सोडून देते. आपला प्रश्न आपल्याकडे परत आल्याची पारख यंत्राला करता यावी म्हणून प्रश्नासोबत एक यादृच्छिक खूण पाठवण्याची पद्धत एप्रिल २०१५ च्या आरएफसी ७५२७ मध्ये सांगितली आहे. एक नियम शिथिल केला, की त्या नियमावर नकळत विसंबलेले इतर भाग एकेक करून पुढे येतात. जुन्या नियमाला हात लावताना नम्रता का हवी, हे यावरून समजते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अपव्ययाचा. शेजारच्या यंत्रासाठीची फ्रेम बाहेर जाऊन परत येते, तेव्हा एकाच जोडणीवर ती दोनदा धावते आणि वेळही जास्त लागतो. हे खरे आहे. सर्व्हरच्या आत स्मृतीतून स्मृतीत होणारी देवाणघेवाण बाहेरच्या तारेपेक्षा वेगवान असते, यातही शंका नाही. पण परतीच्या प्रवासाची किंमत वळण किती दूर आहे यावर ठरते. भारताने याचा अनुभव देशाच्या पातळीवर घेतला आहे. भारतातल्याच दोन इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकांमधली वाहतूक परदेशात जाऊन परत येत असे. ती देशातच वळावी म्हणून २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली, आणि मुंबई हे तिच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक होते. तिथे सागर ओलांडणारा फेरा टाळायचा होता. सर्व्हरपासून त्याच कपाटातल्या स्विचपर्यंतचा फेरा मीटर-दोन मीटरचा असतो, आणि त्या बदल्यात प्रत्येक फ्रेम तपासली जाते. कुठे हा सौदा परवडेल, कुठे नाही. म्हणून तो सक्तीचा करू नये, पण नियमाच्या नावाखाली बंदही ठेवू नये.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. नियम निरपवाद असला की त्याची तपासणी सोपी असते. अपवाद केले की कोणीतरी चुकीच्या पोर्टवर ते चालू करणार, फेरा तयार होणार आणि एका चुकीने सारे जाळे ठप्प होणार. या भीतीला आधार आहे. पण निरपवाद नियमाचीही किंमत असते. लोकांना जे हवे असते ते नियमात बसले नाही, तर ते आडवाटेने करतात. परत पाठवण्याची सोय नव्हती तेव्हा एकाच जाळ्याचे कृत्रिम तुकडे पाडून ते वरच्या यंत्रात पुन्हा जोडणे किंवा राउटरला दुसऱ्याच्या वतीने उत्तर द्यायला लावणे असे उपाय केले गेले. अशा उपायांत परत पाठवणे घडतेच, फक्त ते नोंदीत दिसत नाही आणि दोष शोधणाऱ्याला सापडत नाही. मानकातला अपवाद मागून घ्यावा लागतो, तो एका पोर्टपुरता असतो आणि यंत्राला विचारले की तो दिसतो. मोकळेपणाने दिलेली, मर्यादित आणि तपासता येणारी सूट चोरून केलेल्या नियमभंगापेक्षा सुरक्षित असते.

तिसरा आक्षेप इतिहासाचाच आहे: ही सूट बाजारात फारशी चालली नाही, मग तिला इतके महत्त्व कशाला? आभासी यंत्रांच्या जगात पुढे वेगळी दिशा बलवान ठरली, हे मान्य करायला हवे. ओपन व्हीस्विचसारखे सॉफ्टवेअर स्विच समर्थ झाले, २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये वर्णिलेल्या व्हीएक्सलॅनसारख्या पद्धतींनी जाळ्याची बुद्धी सर्व्हरमध्येच आणली, आणि पहाराही तिथेच बसू लागला. बाहेरच्या स्विचने परत पाठवावे ही मूळ योजना त्यामुळे मागे पडली. पण नियमातली सूट टिकली आणि तिला नवा उपयोग मिळाला. कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या कुबरनेटीससारख्या व्यवस्थेत एखादा कंटेनर सेवेच्या सामाईक पत्त्यावर विनंती पाठवतो. त्या सेवेमागे अनेक कंटेनर असतात आणि निवड कधी कधी त्या विनंती करणाऱ्याचीच होते. अशा वेळी पाकीट आल्या पोर्टने परत गेले नाही, तर कंटेनरला स्वतःच्याच सेवेपर्यंत पोहोचता येत नाही. तिथे हेअरपिनची सोय लागते. पत्ते बदलून देणाऱ्या घरगुती राउटरांसाठीही जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने हीच मागणी केली आहे: आतल्या यंत्राने बाहेरच्या पत्त्याने आतल्याच दुसऱ्या यंत्राला हाक मारली, तर राउटरने ती परत आत वळवलीच पाहिजे. एका योजनेचे अपयश म्हणजे तिच्यासाठी केलेल्या विचाराचे अपयश नव्हे.

या पन्नास वर्षांच्या प्रवासातून माझा निष्कर्ष असा. आल्या वाटेने परत न पाठवण्याचा नियम चुकीचा कधीच नव्हता. त्याचे कारण न सांगता तो शिकवला गेला, ही चूक होती. ‘गरज नाही’ हे कारण कोअ‍ॅक्शियल केबलबरोबर गेले, आणि ते गेल्याची नोंद व्हायला जवळपास दोन दशके लागली. ‘फेरा होईल’ हे कारण आजही प्रत्येक इथरनेट फ्रेमला लागू आहे, कारण तिच्यावर आयुष्याचा आकडा अजूनही नाही. हा फरक ज्याला माहीत आहे, तो हेअरपिनची सोय निर्धास्तपणे वापरू शकतो, आणि दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर ती चालू करण्याआधी थांबतो. ज्याला माहीत नाही, तो एकतर घाबरून ती कुठेच वापरत नाही किंवा कुठेतरी वाचलेली आज्ञा टाकून मोकळा होतो. म्हणून महाविद्यालयांत संगणक जाळी शिकवणाऱ्यांना आणि कार्यालयांत ती उभारणाऱ्यांना एक विनंती आहे. फळ्यावर किंवा कामाच्या टिपणात हा नियम लिहिताना त्याच्या शेजारी त्याची दोन्ही कारणे लिहा, आणि त्यांतले कोणते आपल्या जाळ्याला लागू आहे तेही लिहा. नियम पाळायचा की शिथिल करायचा, हे पुढच्या माणसाला त्यावरूनच ठरवता येईल.